म्हणे ‘तेव्हा पेपरात फक्त बातम्या असत’!

ठाण्याच्या तलावपाळीवर सकाळी फिरणाऱ्या आमच्या मंडळींच्या ग्रुपवर सध्या एक मजकूर फिरतोय. खाली कुणाचं नाव नाही, पण हात जोडलेले आहेत आणि ‘पुढे पाठवा’ची विनंतीही आहे. आशय असा: कंपनी सरकारच्या काळात वर्तमानपत्र हे व्रत होतं. पहिल्या पानावर फक्त बातमी असे. जाहिरात जवळपास नव्हतीच, आणि जी होती ती साहेबांनी साहेबांसाठी दिलेली. शिवाय तिच्यात खोटं नसे. ठाण्यासारख्या गावाचा या सगळ्याशी संबंधच नव्हता. पुढे जाहिराती आल्या आणि पेपर बिघडला.

वाचायला गोड आहे, पण यातलं जवळजवळ काहीच टिकत नाही.

पहिलं पान आधी घेऊ. हिंदुस्थानातलं पहिलं छापील वर्तमानपत्र २९ जानेवारी १७८० रोजी कलकत्त्यात निघालं, जेम्स ऑगस्टस हिकी याचं ‘बेंगॉल गॅझेट’. त्याच्या शीर्षकातच पुढे ‘ओरिजिनल कलकत्ता जनरल अ‍ॅडव्हर्टायझर’ अशी जोड होती. हा व्रतस्थ पेपर आपली ओळखच जाहिरातीचा कागद अशी करून देत होता. मुंबईत १७८९ ते १७९१ या दोन-तीन वर्षांत हेरल्ड, कुरियर आणि गॅझेट निघाले, तेही याच वळणाचे.

पहिल्या पानावर जाहिराती येण्यामागे छापखान्याचाही हिशेब होता. एक मोठा कागद मधोमध दुमडला की चार पानं होतात. पहिलं आणि चौथं पान कागदाच्या एकाच बाजूला येतं. हातदाबाच्या यंत्रावर दोन्ही बाजू एका दमात छापून होत नसत. म्हणून जो मजकूर बदलत नाही तो आधी छापून घ्यायचा, म्हणजे लिलाव, घरं भाड्यानं, जहाजांची सुटण्याची तारीख वगैरे. त्यातल्या कितीतरी जाहिरातींचे खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, आठवडेच्या आठवडे तसेच जुळवून ठेवलेले असत. आतली दोन पानं शेवटपर्यंत मोकळी ठेवायची, कारण ताजी बातमी जहाजानं येई आणि जहाज कधी लागेल याचा नेम नसे. विलायतेहून आफ्रिकेच्या टोकाला, केपला, वळसा घालून यायला पाच-सहा महिने सहज लागत. म्हणजे बातमी आत आणि जाहिरात बाहेर, हाच रिवाज. आणि तो लवकर मोडलाही नाही. लंडनच्या ‘टाइम्स’नं पहिल्या पानावर बातमी घेतली ती मे १९६६ मध्ये. आपल्याकडे मद्रासच्या ‘हिंदू’नं १९५८ मध्ये. ‘पहिलं पान विकलं’ अशी हळहळ करणाऱ्यांच्या जन्मानंतर मोकळं झालेलं पान आहे ते!

विकायला काय असे? पहिला मान जहाजाच्या मालाचा. कंपनीच्या जहाजांच्या कप्तानांना ठरावीक जागेत स्वतःचा खासगी माल आणायची मुभा होती. बंदरात उतरलं की तो विकायचा. मग याद्या छापून येत: क्लॅरेट आणि मदेरा या वाइन, बिअर, हॅम, चीज, लोणची, हॅट, मोजे, काचसामान, खोगिरं. साहेब मेला की त्याच्या सामानाचा लिलाव, ज्यात टेबल-खुर्च्यांपासून घोड्यापर्यंत सगळं येई. तसबीर काढणारा, केस विंचरणारा, नाच शिकवणारा, घड्याळ दुरुस्त करणारा अशांच्याही जाहिराती. भाव मात्र पुष्कळदा नसायचाच. ‘रोखीनं’ आणि ‘वाजवी दरात’ एवढ्यावर भागे. आजचा ‘किंमत प्रत्यक्ष भेटीत’ हा प्रकार काही नवा नाही.

‘साहेबांनी साहेबांसाठी’ हे अर्धं खरं आहे. इंग्रजी जाहिरातीचा वाचक मुख्यतः गोरा होता. पण लिलावात बोली लावणारे, जहाजाचा माल घाऊक उचलून दुकानात मांडणारे पारशी, बोहरी आणि गुजर व्यापारी होते. छापखान्यांना हे गिऱ्हाईक कळायला वेळ लागला नाही. ‘बॉम्बे कुरियर’मध्ये काम करणाऱ्या जीजीभाई छापगर या पारशी कारागिरानं गुजराती खिळे पाडले आणि १७९७ मध्ये त्या पेपरात गुजराती जाहिरात छापली गेली. पुढे तिथेच मोडीतही जाहिराती आल्या. तारखा ताडून बघा: गुजराती ‘मुंबई समाचार’ १८२२ चा, बाळशास्त्री जांभेकरांचं मराठी ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ चं. म्हणजे मुंबईच्या वर्तमानपत्रात देशी अक्षरं आली ती बातमीसाठी किंवा अग्रलेखासाठी नव्हे. आधी जाहिरातीनं वाट पाडली, संपादक नंतर त्या वाटेनं आले. ‘दर्पण’चा हेतू अर्थातच वेगळा होता, लोकांत विद्या वाढावी हा. त्या एका पेपरापुरतं ‘व्रत’ म्हणायला माझी हरकत नाही.

खोटं नसे? थॉमस हॉलोवे नावाच्या लंडनच्या गृहस्थानं १८३७ पासून मलम आणि मग गोळ्या विकायला घेतल्या. जाहिरातीवर त्यानं इतका पैसा ओतला की हिंदुस्थानासकट जगभरच्या पेपरांत तो दिसू लागला. यकृतापासून जुन्या जखमांपर्यंत सगळ्यावर हाच उपाय. गोळ्यांत मुख्य म्हणजे रेचक कोरफड. त्या कमाईतून त्यानं लंडनजवळ स्त्रियांसाठी महाविद्यालय काढलं, हे त्याच्या बाजूनं नोंदवतो. लॉटरीच्या जाहिरातीही धडाक्यानं चालत. कलकत्त्याचा टाउन हॉल त्याच पैशातून उभा राहिला, १८१३ मध्ये.

आणि जिथे जाहिरात अगदी खरी होती, तिथे ती वाचवत नाही. हिकीच्या पेपरात दोन आफ्रिकी मुलं विकायला काढली होती. वय अठराच्या आसपास, फ्रेंच हॉर्न उत्तम वाजवतात, मालक पोर्तुगीज पाद्री नुकताच वारला. तपशिलात खोट काढायला जागा नाही. पळून गेलेल्या गुलामाला पकडून द्या अशाही जाहिराती त्या काळच्या कलकत्त्याच्या पेपरांत सापडतात. कंपनीच्या मुलखात गुलामीला कायद्याचा आधार उरला नाही तो थेट १८४३ मध्ये. व्रत वगैरे लिहिणाऱ्यानं हा मजकूर एकदा वाचावा.

ठाण्याचं लगेच आटोपतं. आपला किल्ला इंग्रजांनी १७७४ च्या डिसेंबरात घेतला. म्हणजे मुंबईचा पहिला पेपर निघाला तेव्हा ठाणं त्यांच्याच ताब्यात होतं, छावणी आणि कचेऱ्या होत्या, म्हणजे वाचणारे होते. १८५३ मध्ये रेल्वे आली. १८६६ मध्ये तर ‘अरुणोदय’ हे साप्ताहिक ठाण्यातूनच निघू लागलं.

राहता राहिलं, जाहिरातींनी पेपर बिघडला. हिकीनं गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जवर यथेच्छ टीका केली. काहींची लफडीही छापली, तो काही संत नव्हता. पण कंपनीच्या नाकावर टिच्चून लिहिणं त्याला परवडलं ते वर्गणी आणि जाहिराती यांच्या जिवावर, कारण सरकारचा पैसा त्याच्या पेपरात नव्हता. म्हणून सरकारनं नोव्हेंबर १७८० मध्ये त्याच्या पेपराला टपाल बंद केलं. मग खटले, दंड, तुरुंग झाले. तुरुंगातूनही तो पेपर काढत राहिला. शेवटी मार्च १७८२ मध्ये त्याचे खिळे जप्त केले, तेव्हा कुठे तो थांबला.