माईने मालवणीत रडून दाखवलं, त्याला झाली की वर्षं

'रात्रीस खेळ चाले' या मालिकेचा विषय निघाला की लोक लगेच अण्णा नाईक आणि शेवंतावर घसरतात. घसरू देत, त्यात खोटं काही नाही. माधव अभ्यंकर आणि अपूर्वा नेमळेकर यांनी 2019 च्या दुसऱ्या पर्वात जे करून ठेवलं ते ठेवलंच. आणि अण्णांची तर गंमतच आहे. 2016 मध्ये मालिका सुरू झाली ती अण्णा मेल्यावर. पहिलं पर्वभर माणूस नव्हताच, होता तो त्याचा दरारा. मग गोष्ट मागे नेऊन त्याला जिवंत केला आणि तोच सगळ्यांना भारी पडला.

पण मला विचाराल तर त्या घरात सगळ्यात अवघड काम होतं अण्णांच्या बायकोचं, माईचं. ती केली शकुंतला नरे यांनी. नवरा बाहेर काय करतो ते ठाऊक असलेली, तरी त्याचं ताट वाढणारी, पोरांच्या भांडणात मधे पडणारी, आणि हे सगळं मालवणीत. आमची काकी पहिल्या आठवड्यातच म्हणाली होती, "ही आमच्याच वाडीतली कोणतरी असतली, बघ." नटीला याहून मोठी पावती माझ्या तरी माहितीत नाही.

मी सावंतवाडीची. मालिकेचा वाडा आकेरीतला, म्हणजे आमच्या दारातला. रोज रात्री साडेदहाला टीव्ही लागायचा, पावसाळ्यात डिशचा सिग्नल गेला की घरात शिव्या ऐकू यायच्या, त्याही मालवणीत. तोपर्यंत मराठी मालिकेत मालवणी बोलायचं कोणी, हे ठरलेलं होतं. घरगडी, कामवाली, दारुडा, नाहीतर दोन मिनिटं हसवून जाणारा गावचा मामा. माणूस शहाणा झाला, प्रेमात पडला, त्याच्या घरात कोणी वारलं, की तो थेट पुण्यातली मराठी बोलायला लागायचा. माई मात्र मालवणीत रडली. मालवणीत गप्प बसली असंही मी म्हणेन, कारण तिच्या गप्प बसण्यालासुद्धा आमच्या बायकांची ढब होती. पदर तोंडाला लावायचा आणि नजर घरामागच्या परड्याकडे.

त्याच घरातल्या विसरभोळ्या पांडूचंही तसंच. त्याच्या 'इसारलंय'वर सगळा महाराष्ट्र हसला, पोरांनी त्याच्या नकला केल्या. पण पांडू करणारे प्रल्हाद कुडतरकर त्याच मालिकेचे संवादही लिहीत होते. त्यामुळे पांडू नुसता वेडा राहिला नाही. घरातलं सगळं बघणारा आणि वेळेला नेमकं विसरणारा माणूस आमच्याकडे दर चार घरांमागे एक सापडतो, आणि तो किती विसरतो नि किती विसरल्यासारखं करतो हे घरातल्यांनाही नीट कळलेलं नसतं. कुडतरकरांनी ते धरलं. लिहिणारा इथला असला की असं होतं. नाहीतर मुंबईत संवाद लिहायचे, सेटवर कोणीतरी 'आहे'चं 'असा' आणि 'मला'चं 'माका' करून द्यायचं, की झाली मालवणी. तशी मालवणी आम्हाला दुसऱ्या वाक्याला ओळखू येते, आणि तिसऱ्याला आम्ही चॅनेल बदलतो.

तेव्हा विरोधही झाला होता, हे विसरून चालणार नाही. कोकणाची बदनामी होते, अंधश्रद्धा पसरते, मालिका बंद करा. मला त्यातलं निम्मं पटलं होतं. भुतं दाखवली म्हणून माझी तक्रार नव्हती, भुतांच्या गोष्टी आम्ही लहानपणापासून चवीने ऐकतो. माझी तक्रार गाऱ्हाण्याबद्दल आहे, आणि ती फक्त एका मालिकेपुरती नाही. गाऱ्हाणं हा आमच्याकडे देवाशी केलेला रोखठोक व्यवहार. सांगणारा एक, 'व्हय म्हाराजा' म्हणणारं सगळं गाव. त्यात भक्ती असते, दटावणी असते, जुन्या भांडणांचा निकालही असतो. टीव्हीवर मात्र त्याचा विनोदाचा तुकडा तरी होतो, नाहीतर पाठीमागे ढोल वाजवून भीती. गावाची राखण करणारा राखणदार आणि भूत यांतला फरक तर लेखकांच्या गावीही नसतो.

2017 मध्ये 'गाव गाता गजाली' आली. दिगंबर नाईक आणि मंडळींनी मजा आणली, आणि भुताखेतांशिवायही या मातीतली मालिका चालते हे दिसलं. त्यानंतर मात्र माड राहिले, कौलारू घर राहिलं, ड्रोनमधून दिसणारा समुद्र राहिला, आणि बोली गेली. परवा एका नव्या मालिकेचा प्रोमो बघितला. खळ्यात बसून भावकी भांडतेय, आणि एकाच्याही तोंडात मालवणी नाही. बरं, मालवणी म्हणजेच कोकण असंही नाही. चिपळूणचा ओंकार भोजने 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'त बोलायला लागला तेव्हा पुष्कळांना पहिल्यांदा समजलं की रत्नागिरीकडची बोली वेगळी, तिचा हेल वेगळा. रायगडातली आगरी आणखी निराळी. चॅनेलच्या लेखी मात्र पालघरपासून बांद्यापर्यंत सगळे एकाच सुरात 'काय रे मेल्या' म्हणतात.

नट मिळत नाहीत, हे कारण मला सांगू नका. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की आमच्याकडे गावोगावी दशावतार असतो, म्हणजे देवळापुढे रात्री रंगणारं आमचं पौराणिक लोकनाट्य. मोचेमाडकर, पार्सेकर, वालावलकर, आरोलकर, चेंदवणकर, किती कंपन्या घ्यायच्या. हातात लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, कोण कुठली भूमिका करणार ते ठरतं, रंगवायचं तोंड ज्याचं त्याने रंगवायचं, आणि पेटी-पखवाज वाजायला लागले की संवाद उभ्या उभ्या तयार. समोरचा राजा शब्दाने अडवतो, याने शब्दानेच सुटायचं. मध्यरात्र उलटून गेलेली, पुढे बसलेल्या म्हाताऱ्यांना पुराण तोंडपाठ, त्यामुळे चूक लगेच पकडली जाते. स्त्री पार्टी करणारा पुरुष नेसलेल्या साडीत असा वावरतो की शेजारची बाई डोळे पुसते. मालिकेत आजच्या सीनचे कागद आजच सकाळी हातात पडतात म्हणून नट रडतात. या लोकांना तो कागदही लागत नाही.

आता एक खरं, दशावतारी नट उचलून सरळ कॅमेऱ्यापुढे उभा केला तर चालेल असं मी म्हणत नाही. शेवटच्या रांगेसाठी लावलेला आवाज माइकला सोसत नाही, हातवारे क्लोजअपमध्ये अंगावर येतात. मी असे दोनतीन प्रवेश बघितलेत आणि लाजून उठून चहा ठेवायला गेलेय. आवाज खाली आणायला शिकवावं लागेल, त्याला वेळ द्यावा लागेल. शिवाय पैशाचं गणित आहेच. दशावताराचा हिशेब नाइटवर, म्हणजे प्रयोगागणिक चालतो, मालिकेत मानधन नव्वद दिवसांनी येतं. शेती सांभाळून रात्रीची नाटकं करणाऱ्या माणसाने तीन महिने कशावर काढायचे? मग तो येत नाही, आणि आपण म्हणतो स्थानिक कलाकार नाहीत.

कोणी म्हणेल, विदर्भातल्या प्रेक्षकाला मालवणी कशी कळणार? माईची कळली होती ना. तेव्हा कोणाला खाली अक्षरं लागली नव्हती.

मला आता कोकणातली अशी मालिका हवी आहे जिच्यात कुडाळची डॉक्टरीण पेशंटशी मालवणीत बोलते, आणि ते ऐकून कोणी हसत नाही. कोर्टात जमिनीचा दावा आहे, सात-बाऱ्यावर सतरा नावं आहेत, आणि वकील अशिलाला मालवणीत झापतोय. भूत नसलं तरी चालेल, सामाईक जमिनीत तेवढं भय पुरेसं आहे. नायिका मुंबईहून आलेली असायलाच हवी का, यावरही एकदा चर्चा होऊन जाऊ दे.

आणि ऑडिशनला आमची पोरं दरवेळी अंधेरीला का धावडवता? कणकवलीला आचरेकर प्रतिष्ठान आहे, कुडाळला बाबा वर्दम थिएटर्स आहे, दोन्हीकडे नाटकाची माणसं वर्षानुवर्षं राबतायत. दादरहून रात्री तुतारी एक्स्प्रेसला बसलात की सकाळी कणकवलीत उतराल. फक्त जत्रेच्या दिवसांत या, आणि दुपारी थोडं झोपून घ्या. नाटक मध्यरात्री चालू होतं.