चूल, शेत आणि रान वेगळी काढणाऱ्या मेसेजला उत्तर

एक मेसेज सध्या गटागटांतून फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: जंगलाकाठचा माणूसच जंगलाचा शत्रू आहे, तो सरपणासाठी झाडं तोडतो, शेतीपायी रान संपवतो, वनहक्काच्या नावाखाली अतिक्रमण करतो आणि वणवे लावतो. त्याला गॅस द्या, रेशन द्या आणि जंगलाबाहेर काढा, जंगल आपोआप वाढेल. मला तो तिघांनी पाठवला. तिघंही जंगलाबद्दल मनापासून हळहळणारे आहेत, म्हणूनच सविस्तर उत्तर देतो आहे.

आधी सरपण. संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या वाडीत बायका मार्च-एप्रिलमध्ये पावसाळ्याची बेगमी करतात. भाऱ्यात काय असतं ते कधीतरी जवळून बघा: वाळक्या फांद्या, काजूची छाटणी, माडाच्या झावळ्या, पिढे (झावळीचे जाड बुडखे). ओलं लाकूड जड असतं आणि चुलीत नुसतं धुमसतं. डोक्यावरून आणायचं असताना ते कोण तोडील? 1970 च्या दशकात जगभर भाकीत झालं होतं की गरिबांच्या चुली जंगलं खाऊन टाकतील. चुली पेटत राहिल्या आणि भाकीत फसलं, कारण सरपणाचा मोठा वाटा बांधावरच्या, परसातल्या आणि पडीक जागेतल्या झाडांचा होता.

मग आमचे डोंगर बोडके कोण करतं? रत्नागिरी जिल्ह्यातलं बहुतेक जंगल खासगी मालकीचं आहे. व्यापारी येतो, सातबाऱ्यावरच्या हिस्सेदारांना गाठतो, आणि थोड्याच दिवसांत अख्खी टेकडी साफ होते. लाकूड ट्रकात भरून घाट चढतं, कुठे बॉयलरला तर कुठे वीटभट्टीला. विकणाऱ्याला मी दोष देणार नाही, त्याला त्या डोंगरातून दुसरा पैसाच मिळत नाही. पण या ट्रकांबद्दल मेसेजमध्ये एक अक्षर नाही.

गॅसचं म्हणाल तर तो हवाच. धुराने डोळे गेलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. पण सिलिंडर चहा-भाजीला पुरवून वापरतात आणि न्हाणीतलं पाणी अजून लाकडावर तापतं. गोबरगॅसचा हिशेब करून बघा. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे 50 किलो शेण लागतं, म्हणजे दावणीला चार-पाच जनावरं हवीत. जनावरांना वैरण हवी, ती सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळपठारावरच्या, गवतातून आणि रानातून येते. टाकीतून निघालेली मळी भातखाचरात जाते. आमच्याकडे गोठे रिकामे झाले तशा टाक्याही कोरड्या पडल्या. रान, गोठा, चूल आणि खाचर ही अशी एकमेकांत अडकलेली आहेत. त्यातली एकच चूल सुटी काढून तिच्यासाठी योजना आखली की ती अर्ध्यावर थांबते.

शेती आणि जंगल एकमेकांच्या मुळावर आहेत, या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, आणि ते आम्हीच आधी बोललं पाहिजे. कोकणात तरवा (भाताची रोपं) पेरण्याआधी दाढ, म्हणजे रोपवाटिकेची जागा, फांद्या-पाला जाळून भाजतात. त्यासाठी ऐन-किंजळाच्या फांद्या (कवळ) दरवर्षी छाटल्या जातात. ऐनाची नुसती खुंटं उभी राहिलेली पाहून वाईट वाटतं. पण याला उत्तर शेतीतूनच आलं. कृषिशास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भात लागवडीत रोपवाटिकेला भाताच्या तुसाची काळी राख देतात, बांधावरच्या गिरीपुष्पाचा पाला खाचरात गाडतात, रोपं ठरावीक अंतरावर लावतात आणि चार चुडांच्या (रोपांच्या जुडग्यांच्या) मध्ये युरिया-डीएपीची गोळी हाताने खोचतात. राखेतल्या सिलिकाने रोप ताठ होतं, आणि खोल खोचलेली गोळी पावसाच्या पाण्याबरोबर सहज वाहून जात नाही. ज्याने हे नीट केलं त्याची कवळतोड कमी झाली आणि भातही वाढलं. दाढ भाजणाऱ्याला हुसकावून हे झालं नसतं.

धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं बारीपाडा पाहा. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी 1990 च्या दशकात चारशेहून अधिक हेक्टर उजाड रान राखायला घेतलं, तोडीला आणि मोकाट चराईला गावानेच बंदी घातली. रान परतलं तसं विहिरींना पाणी आलं आणि शेती सावरली. तिथे दरवर्षी रानभाज्यांची पाककला स्पर्धा भरते. पवारांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली.

‘रेशन दिलं की रानातलं अन्न कशाला’ हे वाक्य मात्र मला सर्वांत जास्त खुपलं. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने बहुतेक पात्र घरांना माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळतं, ते मोलाचं आहे. पण आषाढात कणगी तळाला जाते, बाजाराची वाट चिखलात असते, तेव्हा ताटात भाताशेजारी काय येतं? टाकळा, कुर्डू, भारंगी, शेवळं, करटोली, अळंबी. यातलं काहीच रेशनच्या दुकानात मिळत नाही.

वनहक्काचा मुद्दा लवकर संपतो. 2006 च्या कायद्यात 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून कसत असलेल्या जमिनीवरच हक्क मिळतो, चार हेक्टरांहून जास्त जमीन मिळत नाही, आणि हक्कासोबत जंगल राखण्याचा अधिकार व जबाबदारी ग्रामसभेवर येते. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टरांवर सामूहिक हक्क मिळाला आणि पुढे ग्रामसभा स्वतः बांबू विकू लागली. चंद्रपूरच्या पाचगावने तर हातचं तेंदूपानांचं (विडीच्या पानांचं) उत्पन्न सोडलं, कारण तेंदूसाठी झाडं छाटली जातात आणि आगी लागतात.

राहिले वणवे. ते माणूसच लावतो, हे खरं आहे. मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला पेटवतात, आमच्याकडे गवत चांगलं यावं म्हणून सडा पेटवतात, कधी बांध जाळताना आग हातातून सुटते. हे थांबलंच पाहिजे, आणि वाडीच्या बैठकीत मी ते तोंडावर बोलतो. पण गेल्या एप्रिलमध्ये भरदुपारी सड्यावरून आग खाली उतरली तेव्हा ओले टहाळे घेऊन धावले ते वाडीतलेच बावीस जण होते. त्यांतले निम्मे साठीच्या पुढचे, कारण तरुण मुंबईला. मेसेजमध्ये ज्यांना बाहेर काढायचं म्हटलं आहे, ते हेच लोक.