बॅटरी ठणठणीत आहे

सकाळी मोटार सुरू न होणे, ही नाशिकच्या आमच्या भागात कोणाचीही खासगी बाब राहू शकत नाही. त्याचे कारण या शहराच्या जडणघडणीतच आहे. ओझरला विमानांचा कारखाना, नाशिकरोडला नोटांचा छापखाना, एकलहऱ्याला औष्णिक वीज केंद्र, देवळालीला तोफखाना आणि सातपूर-अंबडला औद्योगिक वसाहत असल्यावर, इंदिरानगरातल्या कोणत्याही सोसायटीत निवृत्तीनंतर मफलर गुंडाळून सकाळी खाली उतरणारा माणूस हा यंत्रांशी आयुष्यभर झुंजलेला असतो आणि आता त्याला झुंजायला यंत्र मिळत नसते. अशा मंडळींच्या कानावर पार्किंगमधून नुसता 'टक्' असा आवाज जाऊ देणे, हे रामकुंडावर नवख्या यात्रेकरूने 'इथे पूजा कोण सांगतं?' असे मोठ्याने विचारण्यासारखे आहे.

जानेवारी महिना होता आणि आम्हाला भाचीच्या साखरपुड्यासाठी निफाडला पोहोचायचे होते. पत्नीने येवल्याची पैठणी नेसली होती, मागच्या सीटवर पेढ्यांचे खोके आणि ओटीचे सामान होते आणि मी किल्ली फिरवली तेव्हा गाडीने एकदा 'टक्' केले व ती गप्प झाली. पुन्हा फिरवली, पुन्हा 'टक्'. ज्यांना या आवाजाची ओळख नसेल त्यांच्यासाठी सांगतो: सेल्फच्या मोटरला मोठा प्रवाह जोडून देणारा एक विद्युतचुंबकी खटका असतो, तो आपले काम करू पाहतो, परंतु पुढे मोटर फिरायला लागणारा प्रवाह काही येत नाही. थोडक्यात, शिपाई हजर, साहेब रजेवर.

सर्वांत आधी ओझरवाले काका आले. विमानांच्या कारखान्यात हयात घालवल्यामुळे ते कोणत्याही यंत्राकडे दोन पावले मागे उभे राहून, हात पाठीमागे बांधून पाहतात.

"हॉर्न वाजवा," ते म्हणाले. हॉर्न वाजला.

"दिवे लावा." दिवे लागले.

"बॅटरी ठणठणीत आहे," काकांनी निकाल दिला.

हा निकाल पुढे सकाळभर कायम राहिला. नंतर येणाऱ्या प्रत्येकाने स्वतंत्रपणे हॉर्न वाजवून घेतला, स्वतंत्रपणे दिवे लावून घेतले आणि स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला पोहोचून आधीच्या माणसाकडे आदराने पाहिले. तिसऱ्या मजल्यावरून रात्रपाळी करून झोपलेला एक गृहस्थ गॅलरीत येऊन काय म्हणाला, ते मी येथे लिहीत नाही. परंतु तो खाली आल्यावर त्यानेही हॉर्न वाजवून पाहिला.

बॉनेटपाशी उभे राहणे हे यजमानाचे काम असल्यामुळे एव्हाना चालकाच्या जागेवर पत्नी बसली होती, आणि "वहिनी, मारा सेल्फ" अशी आज्ञा झाली की ती पैठणीचा पदर सांभाळत किल्ली फिरवत होती.

थंडीचा मुद्दा निघणे अपरिहार्यच होते. निफाडचा पारा घसरला की त्याची बातमी होते आणि आमच्या जिल्ह्यात त्याचा थोडा अभिमानही बाळगला जातो. थंडीत बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि इंजिनातले तेल दाट होऊन फिरायला जड जाते, हे खरेच आहे. मात्र ओझरवाल्या काकांनी हा मुद्दा फेटाळला. थंडीने बॅटरी मलूल झाली असती तर इंजिन कण्हत-कुथत का होईना थोडे फिरले असते, एका 'टक्'वर विषय संपला नसता, असे त्यांचे म्हणणे होते. आता मागे वळून पाहताना वाटते की त्या सकाळी उच्चारले गेलेले ते पहिले शहाणे वाक्य होते, आणि म्हणूनच बहुधा त्याच्याकडे कोणी लक्ष दिले नाही.

तेवढ्यात छापखान्यातून निवृत्त झालेले प्रेसवाले काका आले आणि त्यांनी हँडलच्या काळाची आठवण काढली. पूर्वी ड्रायव्हर समोरून लोखंडी हँडल घालून गाडी फिरवत असे, आणि इंजिनाने उलटा झटका दिला तर त्याचे मनगट जायचे. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी विजेवर चालणारा सेल्फ तयार केला व 1912 च्या कॅडिलॅक गाड्यांमध्ये तो बसवून मिळू लागला, ही माहिती त्यांनी ज्या सुरात दिली त्यावरून त्या गृहस्थांनी मानवजातीचे फार मोठे नुकसान केले, असा कोणाचाही समज झाला असता. "हँडल असतं तर आत्तापर्यंत निफाडला पोहोचला असता," ते म्हणाले. त्यानंतर, हँडल नाही तर निदान धक्का, असा ठराव आवाजी मतदानाने संमत झाला.

माझी गाडी ऑटोमॅटिक आहे. अशा गाडीत इंजिन बंद असताना चाके फिरवून इंजिन फिरत नाही, त्यामुळे तिला इगतपुरीपर्यंत ढकलत नेली तरी ती सुरू होणार नाही. हे मी सांगत होतो. परंतु हाताच्या बाह्या सरसावलेल्या माणसांना माहिती नको असते. गाडी न्यूट्रलमध्ये टाकली गेली, 'हां, एक दोन' झाले आणि सगळ्यांच्या सामूहिक बळावर ती थेट सोसायटीच्या फाटकात जाऊन आडवी उभी राहिली. तिथे प्रेसवाल्या काकांना गिअरचा दांडा दिसला. "अहो, ही तर ऑटोमॅटिक आहे! बोलला का नाहीत?" असे त्यांनी मला विचारले. तोवर फाटकाच्या बाहेर पाण्याचा टँकर आणि आत शाळेची व्हॅन अडकली होती. आतापर्यंत ज्यांना गाडीविषयी केवळ कुतूहल होते, त्यांना आता तिच्याविषयी कळकळ वाटू लागली.

चौथ्या मजल्यावरच्या संगणकवाल्या तरुणाने जंपर केबल आणली आणि आपली गाडी माझ्या गाडीच्या नाकाला नाक लावून उभी केली. केबल लावण्याची रीत अशी की आधी पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह जोडायचे आणि निगेटिव्हचे शेवटचे टोक बंद गाडीच्या बॅटरीला न लावता इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर लावायचे. कारण बॅटरीतून हायड्रोजन वायू निघू शकतो आणि ठिणगी त्याच्याजवळ पडलेली बरी नाही. तरुणाने चारही चिमटे थेट बॅटऱ्यांच्या खुंट्यांनाच लावले. सुदैवाने काही उडाले नाही, पण गाडीही हलली नाही. 'टक्'.

"दोन-दोन बॅटऱ्या लावूनही होत नाही, म्हणजे सेल्फच गेला," प्रेसवाले काका म्हणाले. तर्क बिनतोड वाटत होता. नवा सेल्फ, मजुरी आणि टोचन करून नेण्याचा खर्च यांची बेरीज तिथल्या तिथे सुरू झाली, आणि दुसऱ्याच्या खिशाची असल्यामुळे ती भराभर वाढत गेली.

त्या गडबडीत पत्नीने काच खाली केली. "अहो, मी किल्ली फिरवली की दर वेळी घड्याळात बारा वाजतायत."

"आपले केव्हाच वाजलेत," मी म्हणालो.

परंतु गर्दीच्या मागे इतका वेळ मुकाट उभे असलेले एकलहरेवाले काका हे ऐकून पुढे आले. वीज केंद्राच्या स्विचयार्डात त्यांनी आयुष्य काढलेले आहे आणि ते सहसा बोलत नाहीत. "डॅशबोर्डचे दिवे मंद होतात का पार जातात?" त्यांनी विचारले. "पार जातात," पत्नी म्हणाली. काका घरी गेले आणि मल्टिमीटर घेऊन आले.

त्यांनी आधी मीटरच्या दोन्ही सुया बॅटरीच्या दोन खुंट्यांना टेकवल्या. मीटरवर 12.5 व्होल्ट आले, आणि जमलेल्या सर्वांनी 'आम्ही म्हणत नव्हतो?' अशा नजरेने एकमेकांकडे पाहिले. "मारा सेल्फ." आकडा फारसा ढळला नाही. मग त्यांनी एक सुई निगेटिव्हच्या खुंटीवर ठेवली आणि दुसरी त्याच खुंटीवर बसलेल्या क्लॅम्पवर, म्हणजे एकमेकांना चिकटून असलेल्या दोन धातूंवर, जिथे मीटरने जवळजवळ शून्य दाखवायला हवे. "मारा." मीटरवर आठच्या वर आकडा आला. काकांनी क्लॅम्पला बोट लावले आणि चटकन मागे घेतले. "सांधा तापलाय," ते म्हणाले.

त्यानंतर त्यांनी जे समजावून सांगितले ते आधीच कोणाला सुचले असते तर टँकर वेळेवर आत गेला असता. हॉर्नला आणि दिव्यांना पाच-दहा अँपिअर पुरतात; सेल्फला शंभराच्या पुढे लागतात. सांध्यात 0.05 ओहमचा अडथळा असेल तर पाच अँपिअरला तो पाव व्होल्ट खातो आणि हॉर्न खुशाल वाजतो. पण दीडशे अँपिअर ओढायला गेलात की तोच अडथळा साडेसात व्होल्ट गिळून बसतो. बॅटरी दोन लावा नाहीतर चार, चिमटे खुंटीलाच लावले तर प्रवाहाची वाट त्याच सांध्यातून जाते. "म्हणजे हॉर्न वाजला यावरून एवढंच कळतं, की हॉर्न वाजतो," काका म्हणाले. ओझरवाले काका दोन पावले आणखी मागे सरकले.

क्लॅम्पचा नट दहा नंबरचा होता. मोटारी, विमाने आणि तोफा यांच्याशी संबंध आलेल्या त्या जमावात घरटी एक पान्यांची पेटी निघाली, तिच्यात आठचा पाना होता, बाराचा होता, चौदाचा होता. दहाचा कोणाकडेच नव्हता. शेवटी वॉचमनने आपल्या मोटरसायकलच्या सीटखालून एक काळा पडलेला पाना काढून "हा बघा साहेब" म्हणून हातात ठेवला. इतका वेळ तो काही सांगायचा प्रयत्न करत होता, असे मला अंधुक आठवते.

निगेटिव्ह आधी सोडायचे आणि शेवटी लावायचे, म्हणजे पाना चुकून बॉडीला लागला तरी ठिणगीचा खेळ होत नाही, याविषयी प्रथमच सर्वांचे एकमत होते. क्लॅम्प वर ओढला तेव्हा आत पांढुरकी-हिरवट बुरशी दिसावी तसा थर होता, आणि त्या थरात एक पत्र्याची घडी केलेली पट्टी रुतली होती. मागच्या वर्षी बॅटरी बदलून देणाऱ्या दुकानदाराने ढिला क्लॅम्प घट्ट बसावा म्हणून ती पाचर ठोकली होती. पट्टी गंजली, सांधा सुटत गेला, आणि वर नट मात्र जिथल्या तिथे घट्ट होता, त्यामुळे हाताने हलवून पाहणाऱ्यालाही काही कळले नसते.

पुढचे काम भराभर झाले. आमच्या स्वयंपाकघरातला खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून ओतला, तो त्या थरावर फसफसला, ॲसिडची जी काही रग होती ती जिरली, मग साधे पाणी, मग फडके, मग पॉलिश पेपर. खुंटी घासल्यावर शिशाची चकाकी वर आली. क्लॅम्पचे तोंड मिटूनही सैलच राहत होते, तेव्हा ओझरवाल्या काकांनी कानस मागवली आणि क्लॅम्पची फट दोन्ही बाजूंनी किंचित घासून रुंद केली, म्हणजे नट आवळल्यावर तोंड आणखी मिटायला जागा मिळाली. हे काम त्यांनी इतक्या निगुतीने केले, की टँकरवाल्याने हॉर्न वाजवला तेव्हा सगळे त्याच्यावरच खेकसले. वर व्हॅसलीनचा हात फिरवला, आणि पत्नीने कोणाच्या आज्ञेची वाट न पाहता किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली.

टाळ्या झाल्या. चालकाच्या जागेवरून उतरण्याची पत्नीची तयारी नव्हती, तेव्हा मी काळे-हिरवे झालेले हात धरून शेजारी बसलो. "आता निफाडपर्यंत बंद करायची नाही," असे ठरले आणि आम्ही निघालो. परंतु नांदूर नाक्याच्या अलीकडेच पेट्रोलचा दिवा लागला. पंपावरच्या पोऱ्याने नळी हातात घेऊन सांगितले, "इंजिन बंद करा मॅडम." तिने माझ्याकडे पाहिले, मी डिकीत पाना आहे का ते आठवत राहिलो, आणि तिने किल्ली उलटी फिरवली. टाकी भरून झाली, पैसे दिले, मागच्या गाडीने घाई केली. एका दमात इंजिन सुरू झाले. पोऱ्या पुढच्या गाडीकडे वळलासुद्धा.