‘डेफ्राचा शिक्का असला की काहीही जाळा’ हा मेसेज चुकीचा आहे, आणि का ते सविस्तर

थंडी सुरू झाली की यूकेतल्या आपल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो. कोणी लिहिलाय माहीत नाही पण पुढे ढकलणारे सगळे आपलेच. त्यात थोडक्यात असं म्हटलंय: गॅस महाग झालाय, हॉलमध्ये लाकडी स्टोव्ह बसवून टाका. डेफ्रा (इथलं सरकारी पर्यावरण खातं) अप्रूव्ह्ड घेतला की स्मोक कंट्रोल एरियातसुद्धा, म्हणजे जिथे धुराड्यातून धूर सोडायला बंदी आहे तिथेही, काहीही जाळता येतं. नवीन इकोडिझाइन (धुराच्या आणि कार्यक्षमतेच्या ठरलेल्या नियमांत बसणाऱ्या) स्टोव्हला धूरच नसतो. थोडा मोठाच घ्या म्हणजे रात्रभर मंद ठेवता येतो. लाकूड काय, फुकट मिळतं. बसवायला यूट्यूब पुरे. आणि शेवटी, आपल्या आज्या आयुष्यभर चुलीपुढे बसल्या, त्यांना काय झालं?

यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य एकतर चूक आहे किंवा अर्धवट आहे, आणि हा वाचून कोणी दोन-तीन हजार पौंड घालून बसलं तर पैसे तर जातीलच शिवाय घरातल्या आणि शेजारच्या लहान मुलांच्या छातीत धूर जाईल, म्हणून लिहितेय. नियम सांगतेय ते इंग्लंडचे, स्कॉटलंड-वेल्समध्ये काही गोष्टी वेगळ्या आहेत.

आधी ‘काहीही जाळता येतं’ हे घेऊ, कारण सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होणारे.

हा कायदा आला कुठून? डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस कोळशाच्या धुराचं धुकं बसलं, त्यात तेव्हाच्या हिशोबाने सुमारे ४,००० माणसं गेली, नंतरच्या अभ्यासांत हा आकडा १२,००० पर्यंत गेला. त्यातून १९५६ चा क्लीन एअर ॲक्ट आला आणि कौन्सिलांना आपापल्या भागात धुराड्यातून धूर सोडायला बंदी घालायचा अधिकार मिळाला. आज १९९३ चा कायदा चालतो. लंडनचा जवळजवळ सगळा भाग, बर्मिंगहॅम, मँचेस्टर, लीड्स, शेफिल्ड यांचे मोठे भाग स्मोक कंट्रोल एरियात येतात. म्हणजे आपली बरीचशी मंडळी जिथे राहतात तिथेच. तुमचं घर त्यात आहे का हे कौन्सिलच्या वेबसाइटवर पोस्टकोड टाकून बघा, नाहीतर सरळ त्यांना ईमेल करा.

आता या भागात परवानगी असलेल्या इंधनांची एक यादी आहे, आणि लाकूड त्या यादीत नाहीच. लाकूड जाळायचं तर स्टोव्हला सूट मिळालेली असावी लागते (‘डेफ्रा अप्रूव्ह्ड’ म्हणतात ते हेच), आणि ती सूट मिळते एका ठराविक मॉडेलला, एका ठराविक इंधनावर, कंपनीने सांगितलेल्या पद्धतीने चालवला तर. तुमच्या मॉडेलच्या नोंदीत लाकूड असेल तर लाकूडच, तेही वाळलेलं. बागेतली ओली फांदी, स्किपमधून उचललेलं पॅलेट, जुन्या कपाटाचं एमडीएफ, रंगवलेलं कुंपण, ॲमेझॉनचे खोके यातलं काहीही घातलं तर सूट असलेल्या स्टोव्हचा काही उपयोग नाही. रंगवलेल्या, केमिकल लावलेल्या लाकडाचं तर नावच नको, जुन्या कुंपणाच्या आणि डेकिंगच्या लाकडाला पूर्वी आर्सेनिक असलेलं केमिकल लावत, ते जाळलं की धुरातही येतं आणि राखेतही राहतं.

आणि दंड? २०२१ च्या एन्व्हायर्नमेंट ॲक्टनंतर धुराड्यातून धूर सोडला म्हणून कौन्सिल १७५ ते ३०० पौंड लावू शकते, कोर्टात न जाता. सूट नसलेल्या स्टोव्हमध्ये जाळायला लाकूड विकत घेतलं तर १,००० पौंडांपर्यंत. ‘माझ्याकडे पावती आहे, त्यावर डेफ्रा लिहिलंय’ एवढ्यावर सुटका होईल या भरवशावर राहू नका.

फेसबुक मार्केटप्लेसवरचा स्वस्तातला जुना स्टोव्ह घ्यायचा विचार असेल तर मॉडेलचं पूर्ण नाव, मागचं अक्षर-आकडा सगळं, सूट असलेल्या स्टोव्हच्या सरकारी यादीशी ताडून बघा. एकाच नावाच्या दोन स्टोव्हमध्ये एकाला सूट असते, दुसऱ्याला नसते. बऱ्याचदा फरक एवढाच असतो की सूट असलेल्यात हवेची पट्टी पूर्ण बंद होऊ नये म्हणून आत एक छोटा अडसर बसवलेला असतो. आधीच्या मालकाने तो काढून टाकला असेल तर दिसायला तोच स्टोव्ह, पण धूर ओकणारा.

मग ‘इकोडिझाइन म्हणजे चालतंच’ हा घोळ. १ जानेवारी २०२२ पासून विकला जाणारा प्रत्येक नवीन स्टोव्ह इकोडिझाइनमध्ये बसावाच लागतो, म्हणजे ते काही विशेष कौतुक नाही, ती किमान पायरी आहे. बंद दरवाज्याच्या लाकडी स्टोव्हला धुरातल्या कणांची मर्यादा घनमीटरला ४० मिलिग्रॅम आणि कार्यक्षमता किमान ६५ टक्के, असं ते साधारण आहे. स्मोक कंट्रोल एरियाची सूट ही वेगळी तपासणी, वेगळी यादी. दुकानात दोन्ही विचारा, आणि सेल्समनच्या तोंडी उत्तरावर विसंबू नका, फोन काढून यादीत मॉडेल शोधा, दोन मिनिटांचं काम आहे.

‘धूरच नसतो.’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त खुपतं. सूट देताना जी तपासणी होते त्यातच तासाला ५ ग्रॅम धूर आणि वर प्रत्येक ०.३ किलोवॅटमागे ०.१ ग्रॅम एवढी मुभा आहे. म्हणजे ५ किलोवॅटच्या स्टोव्हला तासाला साडेसहा ग्रॅमच्या वर धूर सोडूनही पास होता येतं, आणि तेही प्रयोगशाळेत, मोजूनमापून वाळवलेल्या लाकडावर, शिकलेल्या माणसाने पेटवलेल्या जाळावर. घरी रविवारी संध्याकाळी घाईत पेटवलेला जाळ तसा नसतो. इंग्लंडचे चीफ मेडिकल ऑफिसर क्रिस व्हिटी यांच्या २०२२ च्या अहवालात तुलना दिलीय: तेवढ्याच उष्णतेसाठी गॅस सेंट्रल हीटिंगपेक्षा नवा इकोडिझाइन स्टोव्ह सुमारे ४५० पट बारीक कण सोडतो, आणि विक्रीवर आता बंदी असलेले जुने स्टोव्ह सुमारे ३,७०० पट. म्हणजे नवा स्टोव्ह जुन्यापेक्षा खूपच बरा, हे शंभर टक्के खरं. पण ज्याच्या घरात गॅस बॉयलर धड चालतोय त्याने ‘स्वच्छ’ म्हणून स्टोव्ह घेणं याला काही अर्थ उरत नाही.

हे कण म्हणजे पीएम २.५, अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक, डोळ्याला दिसत नाहीत, धुराड्यातून काही दिसत नाही म्हणजे काही निघत नाही असं नसतं. आणि ते बाहेरच जातात असंही नाही. शेफिल्ड विद्यापीठाच्या लोकांनी शेफिल्डमधल्या घरांमध्ये मोजमाप केलं, २०२० मध्ये ते छापून आलं, स्टोव्ह सगळे सूट मिळालेलेच. स्टोव्ह पेटलेला असताना खोलीतले कण न पेटलेल्या वेळेच्या साधारण तिप्पट निघाले, आणि लाकूड घालायला दार उघडलं की आकडा एकदम वर जायचा. म्हणून दार जितकं कमी उघडाल तितकं बरं, उघडायचंच तर ज्वाळा बसून निखारे झाल्यावर, आणि हळू. दाराच्या कडेची दोरी सैल झाली असेल तर बदला, पाच-दहा पौंडांची गोष्ट आहे. घरात कोणाला दमा असेल, तान्हं बाळ असेल, आजी-आजोबा सहा महिन्यांसाठी भारतातून आले असतील तर माझं स्पष्ट मत आहे की घेऊच नका. माझ्या घरी दम्याचा पंप आहे, त्यामुळे आमच्याकडे हा विषय संपलेला आहे.

आता ‘मोठा घ्या आणि रात्रभर मंद ठेवा’. स्टोव्ह निवडताना खरी चूक होते ती इथेच, म्हणून जरा थांबते. स्टोव्ह स्वच्छ जळतो तो जोरात जळताना. आत वरून तापलेली हवा येते, ती लाकडातून निघणाऱ्या वायूंना पेटवते, म्हणून तर ती सुंदर लाटांसारखी ज्वाळा दिसते. हवा बंद करून धुमसत ठेवलं की ते वायू न जळताच वर जातात, त्याचाच धूर, काचेवरची काजळी आणि धुराड्यात चिकटणारं डांबर. ते डांबर एक दिवस पेट घेतं, त्याला इथे चिमनी फायर म्हणतात आणि फायर ब्रिगेडला बोलवावं लागतं. मोठा स्टोव्ह छोट्या खोलीत ठेवला की अर्ध्या तासात घामाघूम व्हायला होतं, मग माणूस काय करणार, हवा बंद करणार. म्हणजे मोठा स्टोव्ह घेतला की धूर करणं जवळपास ठरलेलंच.

साधा हिशोब: खोलीची लांबी, रुंदी, उंची मीटरमध्ये गुणायची आणि १४ ने भागायचं, जे येईल ते साधारण किलोवॅट. टेरेस घराचा पुढचा हॉल ४ बाय ४, उंची २.७, गुणाकार ४३, म्हणजे ३ किलोवॅटच्या जरा वर. इन्सुलेशन चांगलं असेल तर त्याहून कमी पुरेल. मला एका दुकानात अशाच खोलीसाठी ८ किलोवॅटचा दाखवत होते, ‘पुढे कामाला येईल’ म्हणून. काय कामाला येणार? ५ किलोवॅटच्या वर गेलं की भिंतीत कायमची उघडी जाळी पाडावी लागते, नव्या हवाबंद घरांत तर त्याच्या आतही लागू शकते, आणि त्या जाळीतून वर्षभर थंडी आत. छोटा घ्या आणि मोकळ्या हवेने जळू द्या. पेटवतानाही मोठी लाकडं खाली, बारीक काटक्या आणि पेटवण वर, जाळ वरून खाली यायला द्यायचा. आपल्याला चुलीची सवय म्हणून उलटं वाटतं पण सुरुवातीचा धूर याने खूप कमी होतो. रात्री झोपताना विझू द्या.

‘लाकूड फुकट’. ओल्या ताज्या लाकडात निम्मं वजन पाण्याचंच असू शकतं, म्हणजे किलोभर लाकूड घातलं की अर्धा लिटर पाणी आधी उकळायचं आणि मग उरलेल्यातून ऊब. सुक्याबरोबर ओलंही जळतं हे खरं, पण कसं जळतं ते शेजाऱ्याला विचारा. १ मे २०२१ पासून इंग्लंडमध्ये २ घनमीटरपेक्षा कमी विकलं जाणारं सरपण २० टक्के ओलाव्याच्या आत असावंच लागतं, पिशवीवर ‘रेडी टू बर्न’चा शिक्का बघा. मित्राने झाड पाडलं आणि लाकूड दिलं तर घ्या जरूर, पण फोडून, वरून झाकून, बाजूने वारा लागेल असं रचून दोन उन्हाळे जाऊ द्या, मग मॉइश्चर मीटर लावा, आणि तो सालीवर लावू नका, ओंडका नव्याने फोडून आतल्या ताज्या बाजूवर लावा, बाहेरचा आकडा फसवतो.

विकतच्या लाकडाचा हिशोबही करून टाकू. चांगलं वाळलेलं लाकूड किलोला साधारण ४ युनिट देतं, स्टोव्हमधून खोलीत येतात ३ च्या आसपास. दहा किलोच्या पिशवीचे ३० युनिट. गॅस सहा-साडेसहा पेनी युनिट धरला आणि बॉयलरची घट धरली तर तेवढी ऊब गॅसने साधारण दोन पौंडांत येते. आता पेट्रोल पंपावरच्या पिशवीची किंमत वाचा. स्टोव्हची, लायनरची (धुराड्याच्या आत बसवायच्या नळीची), वर्षातून निदान एकदा धुराडं साफ करणाऱ्याची फी यात धरलेलीच नाही. एकच खोली तापवून बाकी घराचं हीटिंग बंद ठेवणाऱ्याला थोडा फायदा होऊ शकतो, तेवढं मान्य.

यूट्यूब बघून बसवण्याबद्दल फार लिहीत नाही, नका बसवू. हेटासचा (असे स्टोव्ह बसवणाऱ्यांची नोंदणी करणारी संस्था) नोंदणीकृत माणूस बोलवा किंवा कौन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलला आधी कळवा, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म त्याच खोलीत लागतोच. सर्टिफिकेट जपून ठेवा, घर विकताना सॉलिसिटर मागतो. सूट असलेल्या स्टोव्हला १२५ मिलिमीटरचं लायनर चालू शकतं, बाकीच्यांना साधारण १५० लागतं, जुन्या अरुंद धुराड्यात याने मोठा फरक पडतो, कोटेशन घेताना हे विचारा. भाड्याच्या घरात किंवा लीजच्या फ्लॅटमध्ये लेखी परवानगीशिवाय विषयच नको.

राहिली आजीची चूल. ‘त्यांना काय झालं?’ असं विचारणाऱ्याने गावाकडच्या स्वयंपाकघरातल्या बायकांचा खोकला, चोळून लाल झालेले डोळे आणि काळी पडलेली आढी आठवून बघावीत. फुंकणीने फुंकत बसणाऱ्या बाईला पर्याय नव्हता म्हणून ती बसली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या अशा धुराने २०२० मध्ये जगात सुमारे ३२ लाख माणसं गेली, त्यात बायका आणि लहान मुलं सगळ्यात जास्त सोसतात. भारतात २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून घरोघरी गॅस नेण्याचा एवढा खटाटोप झाला तो याच कारणासाठी, मग सिलिंडर परवडत नाही म्हणून कितीजणी पुन्हा चुलीकडे वळल्या हा वेगळा आणि दुःखाचा विषय. आजीच्या सोसण्याचा दाखला देऊन इथे हौसेच्या स्टोव्हचा धूर निरुपद्रवी ठरवणं मला अजिबात पटत नाही. शिवाय आजीच्या घराला कौलांच्या फटी होत्या, इथे डबल ग्लेझिंगची खिडकी नोव्हेंबर ते मार्च उघडतच नाही.

ज्यांच्या गावात गॅसची लाइन नाही, तेल किंवा महागडं इलेक्ट्रिक हीटिंग आहे, वीज जाते तेव्हा दुसरं काही नसतं, त्यांच्यासाठी छोटा, यादीत असलेला स्टोव्ह आणि कोरडं सरपण हा योग्य निर्णय असू शकतो, त्यांनी वरचं सगळं तपासून घ्यावा. पण थंड, वारा नसलेल्या संध्याकाळी धूर वर न जाता गल्लीतच बसतो, हवामानाच्या ॲपवर प्रदूषण ‘हाय’ दाखवत असेल त्या दिवशी दुसरं हीटिंग असेल तर त्यांनीही पेटवू नये.

हा मेसेज तुमच्या ग्रुपवर आला असेल तर खाली हे चिकटवा, आणि पाठवणाऱ्या काका-काकूंना फोन करून नीट समजावून सांगा, बहुतेकांनी तो चांगल्या मनानेच पुढे पाठवलेला असतो.