‘सीटीत खडा नाही, सोनोग्राफीत निघाला’ या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं असं: रात्री पोटात कळ आली म्हणून आमच्याकडे सीटी केला, रिपोर्टमध्ये ‘खडा नाही’ आलं, सकाळी दुसरीकडे सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले, म्हणजे पैसे पाण्यात. पेशंटची माहिती आम्हाला इथे उघड करता येत नाही, म्हणून रिव्ह्यूत तुम्हीच दिलेल्या ओळींपुरतं लिहितो.

चिठ्ठीवर साधा सीटी केयूबी होता, म्हणजे मूतखड्याची तपासणी. मूतखडा कॅल्शियमचा असो वा युरिक अ‍ॅसिडचा, सीटीवर तो जवळजवळ नेहमी पांढरा उठून दिसतो. पित्ताशयातल्या खड्यांचं तसं नाही. कोलेस्टेरॉलच्या खड्याची घनता भोवतालच्या पित्ताइतकीच असली तर तो सीटीवर वेगळा दिसतच नाही. साधारण पाचातला एक खडा असा निघतो, मशीन कितीही महागडं असो. सोनोग्राफीत मात्र त्याच्यामागे सावली पडते. रिपोर्टमधलं वाक्य ‘मूत्रमार्गात खडा नाही’ असं आहे. तुम्ही त्यातला पहिला शब्द गाळलात.

त्याखालची ओळही तुम्हीच दिली आहे: पित्ताशय फुगलेलं, भिंत ५ मिमी, भोवतालच्या चरबीत सूज, सोनोग्राफी करावी. भिंत ३ मिमीपर्यंत ठीक मानतात. नुसती जाड भिंत डेंगीत किंवा यकृताच्या आजारातही दिसते, पावसाळ्यात तर फारच. पण फुगवटा आणि चरबीतली सूज सोबत असली की पित्ताशयाचाच संशय येतो. सकाळची सोनोग्राफी झाली ती या सल्ल्याप्रमाणेच.

‘कॉन्ट्रास्ट (स्कॅनमध्ये अवयव उठून दिसावेत म्हणून देतात ते औषध) का नाही दिलं?’ दिलं असतं तरी असा खडा दिसला नसता. शिरेतून ८०-१०० मिली कॉन्ट्रास्ट देऊन साधारण ७० सेकंदांनी स्कॅन घेतात, तो आतड्याचा रक्तपुरवठा, स्वादुपिंड किंवा अपघातात फाटलेलं यकृत-प्लीहा पाहायला.

‘यकृतात १२ मिमीची गाठ’ लिहून घाबरवलं, असंही म्हणता. तिची घनता ६ एचयू (सीटीवर घनता मोजायचं एकक) लिहिली आहे. पाण्याची शून्य असते. ती साधी पाण्याची गाठ, तिला उपचार लागत नाही. नोंद एवढ्यासाठी, की पुढच्या स्कॅनमध्ये कुणी तिला नवी समजू नये.

सर्जनना नुसता कागद नको, सीडीही दाखवा. सोनोग्राफीचा रिपोर्ट आणलात तर दोन्ही एकत्र पाहून पुरवणी रिपोर्ट देऊ, त्याचे पैसे नाहीत. ताप किंवा डोळ्यांत पिवळेपणा असेल तर मात्र आमच्याकडे येण्यात वेळ घालवू नका, थेट हॉस्पिटल गाठा.