दोन इंची हेडर लावून सी-10 जोरात पळत नाही

हेडर म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या पाइपांचा जुडगा; त्यातला एकेका सिलिंडरचा पाइप म्हणजे प्रायमरी. शेव्हरोले सी-10 पिकअपवाल्यांत (1967 ते 72ची मॉडेलं, 350 घन इंची आठ सिलिंडरचं व्हीएट इंजिन) एक सल्ला सर्रास फिरतो: ‘350 व्हीएटला दोन इंची प्रायमरी लावा, बॅक प्रेशर (धुराला होणारा अडथळा) घालवा, वेल्डिंग कुणीही करतं, वरून हीट रॅप (उष्णता धरणारी पट्टी) गुंडाळा की हेडर जन्मभर टिकतो.’ यातलं एकही वाक्य धड नाही.

आधी व्यास. 1.6 मिमी जाडीच्या पत्र्यात दोन इंची पाइपचं आतलं क्षेत्रफळ 1⅝ इंचीच्या दीडपटीहून जास्त भरतं. धूर तेवढाच, म्हणजे वेग जवळपास एक तृतीयांशाने घटला. सिलिंडरमधला उरलासुरला धूर ओढून नेतो तो हाच वेग. तो गेला की दोन-तीन हजार आरपीएमला टॉर्क (ओढायची ताकद) पडतो, आणि ट्रक चालतो तो तिथेच. स्टॉक 350चा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह दीड इंची. त्याला 1⅝ पुरेसा आहे. बॅक प्रेशर कुणालाच नको असतं, पण ते घालवायला पाइप फुगवायची गरज नाही.

‘सगळ्या प्रायमरी मिलिमीटरपर्यंत सारख्या हव्यात’ हा उलट टोकाचा हट्टही सोडा. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, 1-8-4-3-6-5-7-2. डाव्या बाजूला 5 आणि 7 लागोपाठ पेटतात, त्यामुळे समान लांबीनेही धुराचे ठोके समान अंतराने येत नाहीत. इंच-दोन इंचांचा फरक चालतो. त्यापेक्षा स्टिअरिंग बॉक्सपाशी 15 मिमी मोकळे ठेवा, कारण जोर दिला की इंजिनाची डावी बाजू रबर माउंटवर उचलली जाते.

वेल्डिंग मात्र खरोखर घात करतं. 10 मिमीची फ्लँज (हेडर इंजिनाला बोल्टांनी जोडणारी पट्टी) सुटी ठेवून जोडली तर केळ्यासारखी वाकते आणि गॅस्केट उडते. भंगारातल्या सिलिंडर हेडवर किंवा 20 मिमी प्लेटवर ती सगळ्या बोल्टांनी आवळा. प्रत्येक पाइपला वेल्डचे चार छोटे टाके मारा. मग स्पार्क प्लगचा पाना बसतो का, प्रत्येक बोल्ट हाताने निघतो का, ते पाहा. टाका तोडणं सोपं, पूर्ण वेल्ड तोडणं नाही. वेल्ड पाव-पाव घेर, टोकं बदलत: डाव्या बाजूला सिलिंडर 1, 7, 3, 5. पूर्ण थंड होईपर्यंत बोल्ट काढू नका. सरळपट्टीखाली 0.1 मिमीचा फीलर (फट मोजायची पातळ पट्टी) शिरला तर फ्लँज घासून सपाट करा.

रॅपचं म्हणाल, तर साध्या स्टीलवर तो ओल धरतो आणि पाइप जास्त तापवतो. आत खपल्या सुटतात. सिरॅमिक कोटिंग करा. आणि इंजिन दोन-तीनदा तापून थंड झालं की बोल्ट पुन्हा आवळा.