पहिल्या पावसाने नाग नदी धुऊन निघत नाही

मृग जवळ आला की हा मेसेज फिरायला लागतो. यंदा इथे नागपुरात मला तो सहा ग्रुपवर आला, त्यातला एक आमच्या ले-आऊटचाच. मजकूर थोडक्यात असा: ‘पहिल्या जोराच्या पावसात नाग नदी आणि तलाव आपोआप धुऊन निघतात. पाणी नितळ दिसलं आणि टीडीएस मीटरवर 300 च्या आत आलं की ते चांगलं. बाटल्या भरून प्रयोगशाळेत पाठवणं म्हणजे पैशाचा चुराडा. आणि पावसाळी नाल्या वेगळ्या कशाला? सगळं गडरला जोडा, भांडेवाडीला साफ होतंच.’ (गडर म्हणजे घरांचा मैला आणि सांडपाणी नेणारी बंद वाहिनी, आणि भांडेवाडीला त्या पाण्यावर प्रक्रिया करणारा प्रकल्प आहे.)

ज्यांनी हे पुढे पाठवलं ती माझ्या ओळखीची, भली माणसं आहेत. मी बरीच वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, विद्यार्थ्यांना घेऊन नदीच्या आणि तलावांच्या काठावर बाटल्या भरल्या. म्हणून एकेका वाक्याचं उत्तर देतो.

‘नदी धुऊन निघते.’ पावसाने पाणी पातळ होतं आणि वास कमी होतो, एवढं खरं. पण घाण किती वाहिली ते मोजायचं तर पाण्यातलं तिचं प्रमाण आणि पाण्याचा प्रवाह, दोन्ही धरावे लागतात. हिशेबापुरते आकडे घ्या. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाईल त्याचं माप. उन्हाळ्यात बीओडी लिटरला 40 मिलिग्रॅम आणि प्रवाह सेकंदाला 2000 लिटर असेल, तर दर सेकंदाला 80 ग्रॅमचा भार वाहतो. पावसात बीओडी निम्म्यावर, 20 वर आला, पण प्रवाह 20,000 लिटर झाला, तर भार 400 ग्रॅम होतो. पाणी निम्मं घाण दिसलं आणि खाली पाचपट घाण गेली.

ही वाढीव घाण येते रस्त्यांवरून आणि नाल्यांतून. ऑक्टोबरपासून मेपर्यंत साचलेलं ऑइल, टायर झिजून पडलेली भुकटी (तिच्यात जस्त असतं), ब्रेकमधलं तांबं, कुत्र्यांची विष्ठा, चहाटपरीचे कप, नालीत महिनोन्‌महिने कुजलेला गाळ. हे सगळं मोसमातल्या पहिल्या सरींत, बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्या तासातच निघतं. त्या वेळची बाटली आणि दोन तासांनंतरची बाटली शेजारी ठेवली तर एकाच नाल्याची वाटत नाही.

आणि ते जातं कुठे? नाग नदी शहरातून सुमारे 17 किलोमीटर वाहते, पुढे तिला पिवळी नदी मिळते, मग कन्हान, मग वैनगंगा, मग गोसीखुर्द धरण. आपल्याकडे धुतलं गेलं ते भंडाऱ्याच्या लोकांकडे पोचलं. तलावाला तर तेवढीही वाट नसते. सांडपाण्यासोबत आलेला फॉस्फरस अंबाझरी तलावाच्या गाळात बसतो आणि जलपर्णीला वर्षानुवर्षं पुरतो. जुलै 2022 मध्ये भर पावसात खसाळ्याचा राखेचा बांध फुटला आणि कोराडी वीजकेंद्राची राख कोलार नदीतून कन्हानमध्ये आली. कन्हानचं पाणी नागपूरचा मोठा भाग पितो. वर साचवून ठेवलेलं पाऊस खाली आणतो, एवढंच त्याला येतं.

‘नितळ दिसलं की चांगलं.’ नायट्रेटला रंग नसतो. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. त्याच्या दुप्पट असलं तरी ग्लासात काही दिसत नाही. विष्ठेतून येणारा ई. कोलाय जिवाणू 100 मिलिलिटर पाण्यात एकही सापडता कामा नये, आणि हजार असले तरी पाणी आरशासारखं राहू शकतं. सप्टेंबर 2023 मध्ये काही तासांत 100 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडून अंबाझरी ओसंडला, तेव्हा माझ्या मावसबहिणीच्या घरातही पाणी शिरलं. चिखल काढला, दोन दिवसांनी जमिनीखालच्या टाकीतलं पाणी निवळून स्वच्छ दिसायला लागलं. मी ते एचटूएसच्या बाटलीत भरलं. ही लहानशी बाटली सोपी असते: खुणेपर्यंत पाणी भरायचं, उबदार जागी ठेवायचं, विष्ठेतून येणारे जिवाणू असले तर एक-दोन दिवसांत पाणी काळं पडतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाटली काळी झाली होती, आणि घरात तेच पाणी लहान पोराच्या आंघोळीला काढलं होतं.

टीडीएस मीटरचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात फार काही नाही. ते पाण्यात विरघळलेले क्षार विजेच्या वहनावरून अंदाजतं. जिवाणू त्याला कळत नाहीत. पावसाच्या पाण्यात क्षार जवळपास नसतात, त्यामुळे पावसाळ्यात, म्हणजे गॅस्ट्रोच्या दिवसांत, गढूळ पाणी शिरलेल्या विहिरीचा टीडीएस उलट उतरतो. मेसेजवाल्याचा 300 चा आकडा सगळ्यात सहज मिळतो तो याच दिवसांत.

‘नमुने म्हणजे पैशाचा चुराडा.’ वर्षातून एकदा, सोयीच्या वेळी, सोयीच्या जागी भरलेल्या बाटलीबद्दल हे म्हटलं तर मी मान्य करीन. शेवाळ माजलेल्या तलावात दुपारी तीनला विरघळलेला प्राणवायू मोजा, शेवाळ उन्हात तो सोडत असतं म्हणून आकडा भरपूर येतो. पहाटे पाचला त्याच जागी मोजा. रात्रभर शेवाळानेच तो ओढून घेतलेला असतो, आणि मासे मरतात ते त्याच वेळेला. आंघोळीयोग्य पाण्यासाठी किमान 5 मिलिग्रॅम ठरवलेले आहेत. दुपारच्या बाटलीवर तलाव पास होतो, पहाटेच्या बाटलीवर नापास. दोन्ही आकडे खरे आहेत. म्हणून वेळ लिहायची, आणि वेळ बदलून पुन्हा भरायचं.

जागेचंही तसंच. नाला नदीला मिळतो त्याच्या वर एक बाटली आणि खाली एक भरली की तो नाला काय आणतो ते कागदावर येतं. अशा जोड्या अंबाझरीच्या सांडव्यापासून पारडीपर्यंत घेतल्या तर कुठल्या पुलाखाली गडर नदीत सुटलं आहे ते शोधता येतं, नाहीतर पावसाळाभर अंदाजाने खोदत बसावं लागतं. भरायची रीत मात्र सांभाळावी लागते. प्रवाहाकडे तोंड करून उभं राहायचं, पृष्ठभागाच्या वीतभर खाली बाटली उघडायची. जिवाणूंसाठी निर्जंतुक बाटली, नळाचं क्लोरिनचं पाणी असेल तर तो क्लोरिन मारायला आत सोडियम थायोसल्फेट, बर्फाची पेटी, आणि त्याच दिवशी प्रयोगशाळा. प्राणवायूच्या बाटलीत हवेचा बुडबुडाही राहू द्यायचा नाही, आणि रसायनं जागेवरच घालायची. एकदा एका विद्यार्थ्याने शीतपेयाच्या बाटलीत नमुना आणला. साखरेमुळे बीओडी इतका आला की आख्खा दिवस वाया गेला. 1958 पासून नीरीसारखी पर्यावरण संशोधन संस्था ज्या शहरात आहे, तिथे हे शिकायला माणसं मिळत नाहीत असं कोणी म्हणू नये.

‘सगळं गडरला जोडा.’ मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच, कारण लोक ते ऐकतात. 100 चौरस मीटरच्या गच्चीवर तासात 25 मिलिमीटर पाऊस पडला तर 2500 लिटर पाणी होतं. पाच माणसांच्या घरातून दिवसाला साधारण साडेपाचशे लिटर सांडपाणी निघतं. म्हणजे एका तासात त्या घराने साडेचार दिवसांचं पाणी गडरमध्ये ओतलं. गल्लीतल्या चाळीस घरांनी तेच केलं की चेंबरची झाकणं उडतात आणि मैला खालच्या घराच्या बाथरूममधून वर येतो. भांडेवाडीपर्यंत जे पोचतं त्याने तिथलंही काम बिघडतं, कारण तो प्रकल्प जिवाणूंवर चालतो. लोंढा आला की ते वाहून जातात, आणि झेपेल त्यापलीकडचं पाणी प्रक्रियेविनाच सोडावं लागतं.

उलटी चूकही तेवढीच होते. पावसाळी नालीचं पाणी कुठल्याच प्रकल्पात जात नाही, सरळ नदीत जातं. गॅरेजचं ऑइल, रंगाचे डबे धुतलेलं पाणी, तुंबलेल्या गडरवर उपाय म्हणून रात्री नालीत सोडलेला मैला, हे सगळं नाग नदीलाच मिळतं.

आणि पाणी मुरायला जागा हवी. सिमेंटचे रस्ते अंगणापेक्षा उंच झाले, अंगणात गट्टू (सिमेंटच्या फरशा) बसले, झाडाच्या बुडापर्यंत सिमेंट आलं. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पहिलं पाणी पिते आणि मग फुगून बंद होते. म्हणून पुनर्भरणाचा खड्डा काळ्या मातीत संपवू नका, मुरूम लागेपर्यंत न्या. आधी गाळ बसायला लहान टाकी ठेवा, आणि मोसमाच्या पहिल्या दोन-तीन पावसांचं गच्चीचं पाणी विहिरीत किंवा बोरमध्ये अजिबात सोडू नका.

तुमच्या गच्चीचा पाइप कुठे जातो हे माहीत नसेल तर या रविवारी बादलीभर पाण्यात गेरू कालवा आणि तो पाइपात ओता. एकाने नालीपाशी उभं राहायचं, एकाने गडरच्या चेंबरपाशी. लाल पाणी चेंबरमध्ये दिसलं तर मृगाच्या आत प्लंबरला बोलवा.